एकतीस तारखेचा उपास

एक जूनला आपल्याकडे जितके मास्तर जन्मले, तितके जगात दुसरीकडे कुठे एका दिवसात जन्मले नसतील. मायबापाला तारीख ठाऊक नसे. ‘हुरडा सुरू होता,’ ‘म्हैस व्यायली त्याच आठवड्यात,’ असं काहीतरी ते सांगत आणि शाळेतले मास्तर एक जून लिहून मोकळे होत. बन्सीधर गुरुजींचा जन्मही असाच मास्तरांच्या टाकातून झालेला. म्हणून एकतीस मेला त्यांची नोकरी संपली. शाळेच्या व्हरांड्यात निरोप समारंभ झाला आणि बाराच्या सुमारास गुरुजी शाल, नारळ आणि भिंतीवरची तीन घड्याळं घेऊन पालमच्या घरी परतले.

ज्याला उद्यापासून कुठेच वेळेवर जायचं नाही त्याला घड्याळ देण्याची रीत कुणी काढली, असं त्यांच्या बायकोच्या, कमलबाईच्या, मनात आलं. एरवी ती हे मोठ्यानं बोलली असती आणि घरभर हशा पिकला असता. आज तिनं घड्याळं मुकाट्यानं टेबलावर ठेवली आणि ती आंबे पिळायला बसली. चार दिवसांपूर्वी थोरल्या मुलाचा, रामचा, परभणीहून फोन आला होता. तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नव्हतं, पण गुरुजींचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं होतं.

‘बरं बरं. तुम्ही म्हणाल तसं.’

सदतीस वर्षांच्या संसारात ‘तुम्ही म्हणाल तसं’ या तीन शब्दांनी तिचं जितकं नुकसान केलं, तितकं दुष्काळानंही केलं नव्हतं.

आता राम आला होता. सोबत त्याची बायको सविता होती. धाकटा योगीराज पुण्याहून आला होता. राणीसावरगावहून दीर परमेश्वर आला होता, दोन पाट्या गावरान आंबे घेऊन. थोरल्या भावाचा मान करायला तर तो आलाच होता, पण उद्या एक तारीख, म्हणजे आईला घेऊन जाण्याची त्याची पाळी. रामच्या बॅगेत टाइप केलेलं बक्षीसपत्र होतं. गुरुजींच्या वाट्याची सहा एकर जमीन दोन्ही मुलांच्या नावे. परवा त्याची नोंदणी. निवृत्तीचा फंड आला की त्यातून रामचं परभणीतलं घर आणि योगीराजचा पुण्यातला फ्लॅट. आणि गुरुजी-कमलबाई? तीन महिने रामकडे, तीन महिने योगीराजकडे.

हे सगळं तिला सवितानं मघाशी स्वयंपाकघरात सांगितलं होतं, पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता.

"आई, मी तुम्हाला सांगितलं असं ह्यांना सांगू नका."

"तुला काय वाटायलंय त्याच्यात?"

"मला कोण विचारायलंय?" सविता म्हणाली आणि तिनं पोळी तव्यावर जरा जोरातच टाकली.

कमलबाईचीही एक गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती. माघ महिन्यात ती ‘माहेरी जाते’ म्हणून गेली होती, ती माहेरी गेलीच नव्हती. शेजारच्या गीताबाईला घेऊन तिनं परभणीला तीन दिवस डाळ करण्याच्या छोट्या यंत्राचं शिक्षण घेतलं होतं. बचत गटातल्या अकरा बायका तयार होत्या. यंत्रासाठी जागा पाहिजे होती आणि ती कमलबाईच्या डोळ्यासमोर होती, सहा एकराच्या बांधाला असलेला रिकामा गोठा. त्या गोठ्यावर तिनं मनातल्या मनात पत्रेसुद्धा बदलले होते. परवा जमीन गेली की गोठाही गेला, आणि पंचावन्नाव्या वर्षी आपण सुनेच्या घरी फ्रीजवरची धूळ पुसत बसणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

बाहेर दारापाशी तिची सासू चतुराबाई गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. वय एक्याण्णव. कान शाबूत, डोळे बेताचे, पाय काटक. एकतीस तारीख हा तिचा पोखर्णीच्या नरसिंहाला जाण्याचा दिवस होता. गेली कित्येक वर्षं ज्या ज्या महिन्याला एकतीस तारीख असे, त्या दिवशी ती सकाळीच गाठोडं उचलून एसटी धरायची, गंगाखेडला बदलायची, पोखर्णीला उतरायची. रात्री देवळात मुक्काम, आणि एक तारखेला दुसऱ्या मुलाच्या दारात हजर. त्या दिवशी तिचा कडक उपास असे. येताना अंगारा आणायची. ‘आईची भक्ती लय,’ असं सगळे म्हणत. आज मात्र गुरुजींनी तिला अडवलं होतं.

"आई, आज माझा शेवटचा दिवस नोकरीचा. आज तरी घरी थांब."

"गाडी चुकंल की रं."

"चुकू दे. देव कुठं पळून चाललाय?"

म्हातारी बसली, पण गाठोडं काही खाली ठेवलं नाही.

जेवायच्या आधीच विषय निघाला. रामनं काढला. पोरगा वाईट नव्हता. परभणीत भाड्याच्या दोन खोल्यांत त्याचा जीव मेटाकुटीला आला होता आणि घरमालक दर वर्षी भाडं वाढवत होता.

"दादा, परवा साडेदहाला जायचंय आपल्याला. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवा."

"बरं," गुरुजी म्हणाले.

"काका, तुम्ही साक्षीदार."

"हाव की," परमेश्वर म्हणाला. "आनंदाची गोष्ट हाय. पोरं हाताशी आली की मायबापानं मोकळं व्हायचं आसतं. आमच्या आईनं न्हाई का केलं?"

योगीराजनं मोबाइल पुढे केला. त्यानं त्यात रंगीत तक्ता केला होता. हिरवे महिने रामचे, निळे त्याचे. "आई, बघ, मे महिना मुद्दाम माझ्याकडे ठेवलाय. पुण्यात ऊन कमी."

कमलबाईनं तक्ता निरखून पाहिला. मग हात पदराला पुसत ती सरळ समोरच्या खुर्चीवर बसली. या घरात ती बैठकीत खुर्चीवर बसत नसे. गुरुजींनी तेवढ्यावरूनच ओळखलं की काहीतरी होणार.

"लय चांगला केलायस बाबा तक्ता. हे किती वर्षाचं हाय?"

"म्हणजे?"

"म्हंजी आमी आजून किती वर्ष जगायचं असं धरलंय तुमी?"

"आई, असं काय बोलतेस!" राम म्हणाला.

"सरळ इचारायलेय. चिडून न्हाई. तुज्या आजीनं वाटणीच्या कागदावर अंगठा दिला तवा ती एकोणसाठ वर्षाची व्हती. तुजे आजोबा गेलते. सगळे म्हनले, म्हातारीचं आता काय ऱ्हायलंय, दोन-चार वर्ष. तिलाबी तसंच वाटलं. त्याला बत्तीस वर्ष झाली. बत्तीस वर्ष ती गाठोडं घेऊन फिरायलीय. मी पंचावन्नची हाय. माजं हाडबी तिच्यासारखंच चिवट हाय. मग आजून छत्तीस वर्ष मी हिरवी-निळी व्हत फिरू का?"

"वैनी," परमेश्वर जरा दुखावला, "आईला आमी काय कमी केलं का? कवा उपाशी ठिवलं का?"

"न्हाई भाऊजी. तसं मी म्हनलं न्हाई."

"रीत हाय ती. सगळ्या गावात हीच रीत हाय."

"रीत लोकं चार वर्षात मरत व्हते तवाची हाय," कमलबाई म्हणाली. "आता मानूस मरंना. रीत तीच ठिवून कसं भागंल?"

राम लाल झाला. "आई, मग तुझं म्हणणं काय? आम्ही सांभाळणार नाही तुम्हाला? विश्वास नाही पोटच्या पोरांवर?"

हा प्रश्न आला की बायका गप्प होतात, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. कमलबाईनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी घड्याळांकडे पाहत होते. तिन्ही घड्याळांत तीन वेगवेगळे वाजले होते.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली. "रस काळा पडायलाय."

पानं मांडली. आमरस, पोळी, भज्यांची आमटी, कुरडया. कमलबाईनं पहिलं ताट सासूपुढे ठेवलं.

"मला नगं माय. उपास हाय माजा."

"आत्याबाई, आज देवाला गेला न्हाई, मग उपास कशाला? पोराचा दिवस हाय. दोन घास खावा."

"नगं. एकतीस हाय आज."

योगीराजनं कुरडई मोडता मोडता सहज विचारलं, "आजी, हा कुठला उपास गं? चतुर्थी, एकादशी, शनिवार, हे माहीत आहेत. उपास तिथीनं असतो नाहीतर वारानं. इंग्रजी तारखेचा उपास कुठल्या देवाचा?"

पोरानं बोलण्याच्या ओघात विचारलं होतं. पण बत्तीस वर्षांत हा प्रश्न या घरात कुणाला पडला नव्हता. म्हातारी गाठोड्याची गाठ चाचपत राहिली.

"हाय आसाच," ती म्हणाली.

"पण नरसिंहाची तर चतुर्दशी असते ना?"

"तू जेव की रं मुकाट्यानं."

कमलबाईच्या हातातली पळी रसाच्या पातेल्यावर थांबली. तिला एकदम एक दिवस आठवला. वाटणी झाली त्याच वर्षीचा जुलै. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, राम मांडीवर रडत होता. सासू जवळ येऊन बसली, तसं ती म्हणाली होती, ‘आत्याबाई, तीस तारीख झाली की. मला वाटलं तुमी भाऊजीकडं निघालाव. पीठ आमच्यापुरतंच मळलं बगा.’ मनात काही नव्हतं तिच्या. पीठ खरंच तेवढंच होतं. आणि सासू म्हणाली होती, ‘हाव, निघालेच की.’

पळी तिच्या हातातून सुटली आणि रसात बुडाली.

"आवो," ती गुरुजींना म्हणाली, "वाटणीचा कागद कुठं हाय? तुमच्या हातचा."

"आता? जेवताना?"

"आत्ता."

गुरुजी उठले. कपाटातल्या फायलीतून त्यांनी पिवळा पडलेला कागद काढला. घरात शिकलेले तेच, म्हणून त्या वेळी तो त्यांनीच लिहिला होता. सव्वीस वर्षांचं वय, चार वर्षांची नोकरी, मोत्यासारखं अक्षर. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "श्रीमती चतुराबाई यांचा सांभाळ थोरल्याने एक महिना व धाकट्याने एक महिना, आळीपाळीने, दर महिन्याच्या एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत..."

तिथे ते थांबले. पुन्हा वाचलं. मग हळूच खाली बसले.

"आई," ते म्हणाले, "तू पोखर्णीला ह्याच्यासाठी जायचीस?"

म्हातारीला आता टाळणं जमेना. "मग कुठं जाऊ? हिच्याकडं तीस तारखंला संपायचं. परमेश्वराकडं गेले तर त्याची बायकू रेणुका म्हनली, उद्यापासनं ना? तिचं काय चुकलं न्हाई. हिचंबी न्हाई. कागदातच नव्हतं. एकतीस तारखंला मी कुनाचीच नव्हते. देवळात कुनी इचारत न्हाई, आज कुनाची पाळी म्हनून. कुनी परसाद दिला तर खायचा, न्हाई तर पानी प्यायचं. उपास म्हनलं की मानूस इचारत न्हाई आन् इज्जतबी ऱ्हाती."

कुणाचाही घास उचलला जाईना. परमेश्वर ताटात बोटं फिरवत होता. ‘कवा उपाशी ठिवलं का’ हे त्याचंच वाक्य त्याच्या पुढ्यात येऊन बसलं होतं.

गुरुजींनी डाव्या हाताची मूठ वळली. छत्तीस वर्षं त्यांनी पोरांना महिने असेच शिकवले होते. उंचवटा एकतीसचा, खळगा तीसचा. ते मुठीवर बोट ठेवून मोजत गेले, जानेवारी, मार्च, मे, जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर.

"सात," ते म्हणाले. "सात गुणिले बत्तीस. दोनशे चोवीस." आणि गुरुजी, जे स्वतःच्या बापाच्या मयतीला चारचौघांत रडले नव्हते, ते ताटावरच हुंदका देऊन रडले.

कमलबाई मात्र रडली नाही. तिला रडण्यापेक्षा राग आला होता, आणि तो सगळ्यात जास्त स्वतःचा आला होता. दर एकतीस तारखेला ‘देवाला वाहा’ म्हणून आपण हिच्या हातात नारळ दिला. भाकरी दिली नाही, नारळ दिला.

"बगितलंत?" ती म्हणाली. "ह्यात कुनीबी वाईट न्हाई. पोरं वाईट न्हाईत, सुना वाईट न्हाईत, लिवनारा तर मास्तर. तरी मानूस उपाशी ऱ्हायलं. कारन तिच्या हातात तिचं सोताचं काय ठिवलंच नव्हतं. राम, तू इचारलास ना, इस्वास न्हाई का? हाय. तुमच्यावर लय हाय. कागदावर न्हाई."

योगीराजनं मोबाइल उलटा ठेवला. त्याच्या तक्त्यात एकतीसच्या तारखाही होत्या, त्यानं सगळं नीट मोजलं होतं. तरीही त्याला तो तक्ता पुन्हा बघवेना.

"मी बोलू का?" सवितानं विचारलं. आतापर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आई, तुम्ही आमच्याकडं पाळीनं येऊ नका. यावं वाटलं तर या, चार दिवस राहा, भांडा माझ्याशी, परत या. पाळी लागली की मी दिवस मोजायला लागेन. मी चांगली आहे, पण मोजेन. मला माझं माहितीय."

"सविता!" राम म्हणाला.

"खरं तेच बोलायलीय ती," कमलबाई म्हणाली. इतकं खरं बोलणारी सून आपल्याला मिळाली, हे तिला आजच कळत होतं. "आता माजं ऐका. जमीन गुरुजीच्या नावावर ऱ्हाईल, आन् माजंबी नाव तिला लागंल. आमच्या माघारी तुमचीच हाय. फंडातून तुमा दोघाला घरासाठी मदत देऊ. दिली ती दिली. बाकीचा बँकेत ऱ्हाईल, दुखन्या-बान्याला. पेन्शनीवर घर चालंल. आन् बांधावरच्या गोठ्यात मी डाळीचं यंत्र बसवनार हाय. गीताबाई हाय, अकरा बाया हायेत. मी शिकून आलेय."

"कधी?" गुरुजींनी डोळे पुसत विचारलं.

"माहेरी गेलते ना माघात, तवा."

"माहेरी..." गुरुजी म्हणाले आणि त्यांना भर दुःखात हसू फुटलं.

राम अजून अडून बसला होता. "दादा, तुम्ही मला शब्द दिलाय. घराचा इसार मी त्याच भरवशावर द्यायला निघालो."

खोलीतल्या सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. कमलबाईनंही पाहिलं. ते तीन शब्द आता येणार, असं तिला वाटलं. गुरुजींनी बक्षीसपत्राची घडी घातली आणि ती रामच्या हातात दिली.

"शब्द दिला होता, खरं आहे. पण माझ्या हातचा एक कागद चुकला आणि आई दोनशे चोवीस दिवस उपाशी राहिली. दुसरा मी करणार नाही. घर घे, पण लहान घे. मदत आहे तेवढ्यात बसेल असं घे. सही होणार नाही, राम."

राम उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. सविता मागोमाग जायला निघाली, पण परमेश्वरच उठला. "थांब पोरी, मी जातो. त्याला सांगायचा हक्क मलाच हाय." बराच वेळ बाहेरून काका-पुतण्याचा हलका आवाज येत राहिला. मग राम आत आला, पानावर बसला आणि त्यानं वाटी पुढे केली. कमलबाईला तेवढं पुरलं.

"यंत्र बसलं की डाळ विकायची कुणी?" गुरुजींनी विचारलं. "दुकानादुकानात मी पोचवीन. वेळेवर पोचवीन. तीन घड्याळं आहेत आता."

"तूर किती येळ भिजवायलाव?" चतुराबाईनं मधेच विचारलं.

सगळे तिच्याकडे वळले. कमलबाईनं शिकल्याप्रमाणे सांगितलं.

"सगळ्या तुरीला येकच येळ? खुळ्या हाव. काळ्या रानाची तूर येगळी, बरडावरची येगळी. दातानं फोडून बगावं लागतं. दात न्हाईत मला, पन नखानं सांगते. मला न्या गोठ्यात." मग जरा थांबून ती म्हणाली, "फुकट न्हाई यायची. मजुरी पायजे."

"देऊ की, आत्याबाई. अकरा बायांना देऊ तीच."

"आन् एक खुंटी. लुगडं टांगायला. ह्या घरातबी न्हाई मला, त्या घरातबी न्हाई."

परमेश्वर खाली मान घालून म्हणाला, "आई, उद्या येऊ नको. म्हंजी... तुला वाटंल तवा ये. रेणुकाला मी सांगतो. खुंटी आजच ठोकतो तिकडं."

कमलबाईनं आतल्या खोलीतल्या खुंटीवरच्या स्वतःच्या साड्या काढून खाटेवर टाकल्या. मग तिनं सासूच्या मांडीवरचं गाठोडं उचललं. म्हातारीनं क्षणभर ते धरून ठेवलं आणि मग सोडलं. त्यात दोन लुगडी, एक चोळी, पितळी डबी आणि अंगाऱ्याच्या पुड्या होत्या. लुगडं खुंटीवर टांगताना कमलबाईला वाटलं, हे आपण तेविसाव्या वर्षी केलं असतं तर. पण आता पंचावन्नाव्या वर्षी केलं, एवढंच तिच्या हाती होतं.

बाहेर येऊन तिनं रसाची वाटी काठोकाठ भरली आणि सासूपुढे ठेवली. चतुराबाईनं पोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला, खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला तिनं वाटी पुढे केली. "वाढ. हात आखडू नको."

वाटी दुसऱ्यांदा रिकामी झाली तेव्हा तिनं थोरल्या मुलाला विचारलं, "बन्सी, पुढली एकतीस कवा हाय रं?"

गुरुजींनी मूठ वळली. खळगा सोडून ते उंचवट्यावर आले. "जुलैची. दोन महिन्यांनी."

"मग त्या दिशी मी पोखर्नीला जानार. इतकी वर्ष सांभाळलं त्यानं, आता येनार न्हाई म्हनून सांगायला पायजे." म्हातारीनं वाटी बोटानं पुसून घेतली. "पन जेवून जाईन."